राखाडी झालेला खंड्या

"निळा कुठंय हा? हा तर चुलीतल्या राखेसारखा दिसतोय!" बिलाल ओरडला.

नदीच्या पलीकडच्या काठावर कुंभारखेड्याची बारा मुलं उभी होती. समोर, पाचशे मीटरवर, गावची पाण्याची उंच टाकी होती आणि टाकीवर मुलांनी तयार केलेला खंड्या पक्षी. वर्षभर त्यांनी घरोघरी फिरून फुटके कप, तडकलेल्या बशा, बांगड्यांच्या काचा, कौलांचे नारिंगी तुकडे असं लोकांनी टाकून दिलेलं सगळं गोळा केलं होतं. टाकीखाली उभं राहिलं की निळे आणि नारिंगी तुकडे नुसते लखलखत होते. नदी ओलांडून पाहिलं, तर पांढऱ्या टाकीवर राखाडी पक्षी!

मुलांसोबत आलेल्या सरपंच सुलभाताई म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी गोंद पक्का होईल. मग एकही तुकडा निघणार नाही. त्यापेक्षा वरून पांढरा रंग देऊन टाकू. आणि त्या यंत्रमानवाला कारखान्यात परत पाठवू. बिघडलाय तो. त्याची स्मृती पुसून नवी भरतील."

यंत्रमानवाचं नाव सरडू. भिंतीवर सरसर चढून तुकडे चिकटवायचं काम त्याचं.

अकरा वर्षांच्या जुईला खरं काय ते ठाऊक होतं. सरडू बिघडला नव्हता. पाठ निळी आणि पोट नारिंगी असंच ठरलं होतं. पण ते तिला न्हाणीघराच्या फरशीसारखं सपाट वाटलं. म्हणून तिनं एकटीनंच जाऊन सरडूला सांगितलं होतं, "सगळ्या अंगावर प्रत्येक निळ्या तुकड्याशेजारी एक नारिंगी लाव." टाकीखालून तो लखलखाट पाहून सगळ्यांनी सरडूचं कौतुक केलं तेव्हा ती गप्प राहिली. आता सगळे त्याला नावं ठेवत होते, तेव्हाही तिचं तोंड उघडेना.

ती धावत ताराआजीकडे गेली. ताराआजी तिच्या बाबांची आत्या. दुसऱ्या ग्रहांवर जाणाऱ्या यानांचे कॅमेरे तयार करण्यात तिचा जन्म गेला होता.

"आजी, माझ्यामुळे सरडूची स्मृती पुसणार आहेत!" जुईनं रडत रडत सगळं सांगितलं.

ताराआजीनं तिला पाणी दिलं. मग पुठ्ठ्याची एक गोल चकती कापली, अर्धी निळी रंगवली, अर्धी नारिंगी, आणि मधोमध काडी खोचली.

"फिरव."

जुईनं चकती गरगर फिरवली. निळा गेला, नारिंगीही गेला. उरला राखाडी!

"रंग गेले कुठं?"

"कुठंही गेले नाहीत. तुझ्या डोळ्यात मिसळले. डोळ्याच्या आत मागे दृष्टिपटल असतं (प्रकाश झेलणारा पातळ पडदा). त्यावर लाखो पेशी असतात (पेशी म्हणजे शरीराचे अगदी बारीक घटक). टाकीजवळ उभं राहिलं की एका तुकड्याचा प्रकाश पुष्कळ पेशींवर पडतो. म्हणून तो तुकडा वेगळा दिसतो. लांब गेलं की?"

जुईनं डोळे पुसले. "तुकडा लहान दिसतो. म्हणजे... एकाच पेशीवर पुष्कळ तुकड्यांचा प्रकाश पडतो?"

"शाबास! मग ती बिचारी पेशी निळा वेगळा आणि नारिंगी वेगळा कसा सांगणार? ती दोन्हींची सरासरी सांगते. निळा आणि नारिंगी हे पूरक रंग आहेत (समप्रमाणात मिसळले की एकमेकांना फिके पाडणारे). त्यांची सरासरी राखाडी."

"म्हणजे एकेक रंग एकत्र ठेवला तर लांबूनही दिसेल?"

"दिसेल. गोंद पक्का व्हायला अजून दीड दिवस आहे. पण पोरी, आधी कुठं जायचं ते तुला माहीत आहे."

जुई गेली. सुलभाताई आणि सगळी मुलं आता टाकीखाली परतली होती. सरडूला तसं लावायला आपणच सांगितलं होतं आणि ते आता कसं सुधारता येईल, हे तिनं एका दमात सांगून टाकलं.

मग बिलाल सरडूकडे वळला. "अरे, तू का नाही सांगितलंस?"

"मला कोणी विचारलंच नाही," सरडू म्हणाला.

सगळे खो खो हसले. सुलभाताईसुद्धा. "चूक आमचीही आहे रे," त्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत वेळ दिला. लागा कामाला!"

जुईला वाटलं, छातीवरचा दगडच कुणी उचलला.

सरडू तुकडे उचकटून पुन्हा लावत होता, मुलं खालून टोपल्या भरून देत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बिलाल हिरमुसून म्हणाला, "पंखाखाली सावली हवी. पण राखाडी तुकडा एकही नाही."

"नकोच!" जुई उडी मारून म्हणाली. "सरडू, पंखाखालचा पट्टा तसाच ठेव. निळ्याशेजारी नारिंगी!"

संध्याकाळी सगळं गाव नदीपलीकडे जमलं. टाकीवर खंड्या बसला होता. पाठ निळीशार, पोट नारिंगी, आणि पंखाखाली मऊ राखाडी सावली. आता उडेल की काय, असा. सुलभाताईंनी रंगाचे डबे परत पाठवले. सरडू मुलांच्या घोळक्यात उभा होता आणि त्याला हात लावायला लहान पोरांची झुंबड उडाली होती.

"टाकीची दुसरी बाजू रिकामीच आहे," बिलाल म्हणाला. "तिथं जांभळांनी लगडलेलं झाड करू या. पण जांभळा तुकडा तर गावात कुणाकडेच नाही."

जुईनं ताराआजीकडे पाहिलं. आजी नुसती हसली.

"लाल बांगड्या आहेत," जुई सावकाश म्हणाली, "आणि निळ्या बशा आहेत. लांबून बघणाऱ्यांचे डोळे जांभळं पिकवतील."