उजव्या चाकाकडचा आवाज

हसा, हसा. पण तो मोबाइल आधी उलटा ठेव, नाहीतर मी सांगायचा नाही. ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. माझ्या लंगोटीयाराच्या बाबतीत घडलेली आहे. तो थाप मारायला लागला की त्याचे कान लाल होतात. हे सांगताना झाले नव्हते, मी नीट बघत होतो.

हा मित्र वेल्डर. प्रत्येक जोड झाला की "पक्का!" म्हणायचा, म्हणून आम्ही त्याला पक्क्याच म्हणतो. गेल्या जानेवारीतली सतरा तारीख, शुक्रवार. त्याला एका वहिनींचा फोन आला. त्यांचे यजमान गणिताचे मास्तर. साडेतीन वर्षांपूर्वी झोपेतच गेले. मास्तरांना वेड एकच, स्पोर्ट्स कारचं. विकत घेतलेली नाही हं! सुटे भाग खोक्यांतून मागवून घराशेजारच्या गॅरेजमध्ये स्वतः जोडलेली. नऊ वर्षं खपले बिचारे. दोन सीटची, बुटकी, वर छप्पर नाही. लेकीला शब्द दिला होता, "तू सात वर्षांची झालीस की तुला यातून फिरवणार." शनिवारी पोरीला सात पूर्ण होत होती. बाप नाही, तर काका फिरवणार होता, मास्तरांचा धाकटा भाऊ. सकाळी आठला.

पण काकानं आदल्या दिवशी गाडी बाहेर काढली आणि पुढून करकर ऐकू आली. म्हणून पक्क्याला बोलावणं.

पक्क्यानं गाडी स्टँडवर चढवली, पुढची चाकं काढली. डावीकडचा खालचा आर्म जोडापाशी तडकला होता. आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी पाइपांचा त्रिकोण. तो तुटला की चाक गेलं, आणि चाक गेलं की माणूस गेला. पक्क्यानं तो उतरवला. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, तडा घासून भरला, वर जाड पट्टी जोडली आणि गरम आर्म कोरड्या वाळूत पुरला. सावकाश निवला तर जोड टिकतो.

काका म्हणाला, "उजवीकडचाही रंग खरवडून बघायचा का?"

"कशाला? काळा रंग जसाच्या तसा आहे, केसाएवढी फूट नाही. हातच्या कांकणाला आरसा लागतो का? तो पक्का आहे!"

तीस वर्षं काम केलेला माणूस, आणि असं बोलला. मी त्याला अजून शिव्या घालतो.

जोड निवायला पहाट होणार होती, म्हणून त्यानं तिथेच पाठ टेकायचं ठरवलं. शटर खाली ओढलं, आतून कुलूप, किल्ली खिशात. दिवा मालवला. झोपही लागली.

एक पस्तीसला जाग आली. घड्याळ बघितलं म्हणून आठवतं म्हणाला.

टण्ण.

लोखंडावर छोटी हातोडी मारल्यासारखा आवाज. गाडीच्या मागच्या बाजूनं. त्याला वाटलं उंदीर असेल.

टण्ण... मागचा डावा जोड. टण्ण... मागचा उजवा. चिरलेला कप आपण चमच्यानं वाजवून बघतो ना, तसं. सावकाश. मध्ये थांबून. कान देऊन.

मग पुढे. उजवीकडे.

थप.

टण्ण नाही. थप. मेलेला आवाज.

"कोण आहे?"

...

थप.

पक्क्यानं टॉर्च लावला. कुणी नाही. गाडी, भिंत, बाक. टॉर्च त्यानं उजव्या आर्मवर धरला. तिथे कुणीच नव्हतं.

थप.

आर्म थरथरला. त्याच्यावरची धूळ खाली पडली. टॉर्चच्या उजेडात, त्याच्या डोळ्यांदेखत.

एकशे दहा किलोचा गडी, पण पाचावर धारण बसली. धावत शटरपाशी गेला. किल्ली कुलपात जाईना. आणि मागून... थप, थप, थप, थप. भराभर. कुणी गयावया करावी तसं.

त्याच्या तोंडून निघून गेलं, "बघतो... बघतो."

आवाज थांबला.

दिवा लावायला गेला, तर दिवा लागेना. टॉर्च जमिनीवर ठेवला आणि आडवा होऊन उजव्या आर्मचा रंग घासायला लागला. पहिल्या इंचात काही नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या इंचात तडा निघाला. पाइपाला जवळजवळ वेढाच घातलेला. वरचा जाड रंग ताणून धरून होता, एवढंच. सकाळी पहिल्या जोराच्या वळणाला...

तडा पाइपाच्या पलीकडच्या अंगाला जात होता. तिकडे अंधार होता. तो मान वाकडी करून चाचपडत होता.

टॉर्चचा उजेड हळूच सरकला. बरोबर तिथे आला. आणि तिथेच धरून राहिला.

पक्क्यानं मागे पाहिलं नाही. रडत होता म्हणाला. रडत रडत बोल्ट सोडवत होता.

बोल्ट सुटले तेव्हा दिवा आपोआप लागला. मग त्यानं तोही आर्म घासला, जोडला, वाळूत पुरला.

सकाळी वहिनी चहा घेऊन आल्या. चेहरा उतरलेला. "भाऊजी, रात्री तुम्ही हातोडी वाजवत होतात का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"हे रोज रात्री असंच एकेक जोड वाजवून झोपायला यायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, स्वप्नच पडलं."

पक्क्यानं काकाला उजवीकडचा तडा दाखवला, माफी मागितली. फेरी दुपारी तीनवर गेली. तोवर तो गॅरेजमधून क्षणभरही हलला नाही. दोन्ही आर्म बसवले, चाकं चढवली, स्वतः चारदा तपासलं. तेव्हा कुठे पोरीला बोलावलं.

ती उडी मारून बसली. सीटला चार पट्ट्यांचा बेल्ट होता. काका पट्टे आवळायला वाकला आणि तसाच थांबला, पट्टे आधीच आवळलेले होते. आदल्या दिवशी करकर ऐकायला पक्क्याच त्या सीटवर बसून एक चक्कर मारून आला होता. त्याच्या पोटापायी चारही पट्टे शेवटपर्यंत सैल केले होते, आणि त्यानंतर त्यांना कुणी हात लावला नव्हता.

पोरीनं स्वतःच बेल्ट लावला. खट्. खांद्यांवर, कमरेवर, बरोबर बसला. बोटभरही सैल नाही, बोटभरही घट्ट नाही.

"काका, चला ना!" ती म्हणाली.

काकानं पक्क्याकडे बघितलं. पक्क्यानं वहिनींकडे. त्या पट्ट्याला हात लावून उभ्या राहिल्या.

लेक साडेतीन वर्षांची असताना मास्तर गेले होते. सात वर्षांची ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.