मूळपान

मोरेश्वरराव आगाशे सदुसष्टाव्या वर्षी कथालेखक झाले, आणि मिरजेतल्या त्यांच्या आळीत कुणालाही त्याचं नवल वाटलं नाही. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर तिसऱ्या कादंबरीवर होते. समोरच्या नर्सबाईंच्या भयकथा वाचून मुलं दिवसाढवळ्या जिन्यात एकटी जात नव्हती. पूर्वी साठी उलटली की माणसं गुडघे बदलून घेत, तशी आता ‘उत्तररंग’ करून घेत.

या उपचाराचं नाव कुणी कीर्तनवेड्यानंच ठेवलं असणार. पूर्वरंगात बुवा तत्त्व सांगतात. मग बुक्का लावून झाला, बुवांच्या गळ्यात हार पडला, की उत्तररंगात गोष्ट सुरू होते. आयुष्याचंही तसंच. मोरेश्वररावांना ते फारच भावलं. पाणीपुरवठ्यातली नोकरी सांभाळून चाळीस वर्षं त्यांनी बुवांच्या मागे पेटीची साथ केली होती. आख्यानं ऐकली हजारो, स्वतः सांगितलं एकही नाही. आता आपली पाळी, म्हणाले, आणि जिभेखाली त्या उपचाराचे थेंब घेऊन लिहायला बसले.

नवव्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी, शालनताई, एकट्याच डॉ. रेहाना शिकलगारांच्या दवाखान्यात आल्या. हे थेंब देणाऱ्या डॉक्टर त्याच.

काय झालं ते सांगताना शालनताईंचा आवाज अगदी सपाट होता. आदल्या दिवशी जेवताना ह्यांनी विचारलं, ओवीचा फोन आला का? नागपूरहून निघाली का? शालनताईंनी वाढता वाढता भातावरच वरणाची वाटी उपडी केली. ओवी त्यांची एकुलती मुलगी. नवव्या वर्षी गेली, त्याला एकतीस वर्षं झाली.

“काकू, गोष्ट लिहून झाल्यावर काकांनी मूळपान वाचलं होतं ना?” डॉक्टरांनी विचारलं.

नव्हतं वाचलं. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलेलंच पुन्हा समजावून सांगितलं. आठवण म्हणजे भिंतीवरचा फोटो नव्हे. ती ओल्या मातीसारखी असते. आठवली की काही तास मऊ होते, आणि मग पुन्हा वाळते. वय वाढलं की हे मऊ होणं कमी होतं, म्हणून म्हातारी माणसं तीच हकिकत त्याच शब्दांत सांगतात. थेंबांनी हा मऊपणा नऊ दिवस टिकतो. मग आठवणीत कल्पना मिसळता येते आणि माणूस गोष्ट लिहू लागतो. पण माती वाळते ती शेवटी जो आकार दिला असेल त्या आकारात. म्हणून उपचाराआधी खरी घटना स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवायची. तेच मूळपान. गोष्ट पुरी झाली की ते मोठ्यानं वाचायचं, म्हणजे खऱ्याला खरा आकार येतो.

“नियम सगळ्यांना माहीत असतो हो,” डॉक्टर म्हणाल्या. “मग काकांनी का नाही वाचलं?”

शालनताईंना ते नवऱ्याला विचारायची गरज नव्हती. मोरेश्वररावांनी गोष्ट पुरी केली, देवापुढे ठेवली आणि आरती म्हटली. आख्यान मंगलानंच संपवायचं, आणि आरती झाल्यावर अमंगळ शब्द तोंडातून काढायचा नाही. जन्मभराची सवय ती. पान तसंच घडी घातलेलं राहिलं.

त्या पानावर होतं ते असं. रामनवमीचं जन्माचं कीर्तन. बाहेर एकेचाळीस अंश. बापाशेजारी बसलेली ओवी त्याच्या अंगाला टेकून म्हणाली, बाबा, डोकं खूप दुखतंय. बारा वाजायला वीस मिनिटं होती. जन्म झाल्याशिवाय साथीदार उठत नाही. त्यानं मानेनंच थांब म्हटलं आणि पेटी चालू ठेवली. पाळणा झाला, गुलाल उडाला, सुंठवडा वाटला गेला. तेव्हा पोर बेशुद्ध होती. तिसऱ्या दिवशी गेली.

गोष्टीत मात्र पेटीवाला मध्येच उठतो, मुलीला उचलून बाहेर धावतो, आणि मुलगी वाचते.

“आज संध्याकाळपर्यंत वाचलं तर खरी आठवण कदाचित परत येईल,” डॉक्टर म्हणाल्या. “नंतर नाही. पण काकू, परत येईल ते सगळंच येईल. ते कसे आहेत आत्ता?”

“गातात. आंघोळ करताना गातात.”

“मग?”

शालनताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. दर रामनवमीला ते दोघं दार लावून बसत, त्यांनी सांगितलं. हे माफी मागत, आणि त्या दर वर्षी तेच म्हणत: कुठलाही बाप बसलाच असता. “आता माझ्याबरोबर बसायला कुणी नाही. ओवी गेली हे जगात मला एकटीला ठाऊक, असं कसं चालेल? रामाची शपथ, मला त्यांना दुखवायचं नाही. पण मी कुणाजवळ रडू?”

डॉक्टरांनी उठून त्यांच्यासाठी दार उघडलं.

घरी मोरेश्वरराव झोपाळ्यावर बसले होते, खिशाला दोन पेनं. शालनताईंनी पान हातात दिलं आणि मोठ्यानं वाचा म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसून सगळं वाचलं, आवाज चढवत, उतरवत, अगदी बुवांसारखं. शेवटच्या ओळीपर्यंत: शालननं मला क्षमा केली.

“कुणाचं गं हे?” त्यांनी विचारलं. “नवशिक्या दिसतोय. आपली नावं वापरलीत लबाडानं.”

“अक्षर बघा ना, अहो.”

“माझ्या वळणाचं आहे खरं. आमच्याच शाळेतला असेल.” त्यांनी पान लांब धरलं. “भाषा चांगली आहे. पण बाप पटत नाही. पोर अंगाला टेकून तापतेय, आणि हा स्वरांवर बोटं ठेवून बसून राहतो? कुठला बाप बसेल?”

“जन्म व्हायचा होता,” शालनताई कशाबशा म्हणाल्या. “साथीदार कसा उठेल?”

“उठायचं. रामानं काय राग धरला असता? मी नाही का उठलो?”

मोरेश्वररावांनी पेनाचं टोपण काढलं.

“आणि ही आई. हिनं म्हणे क्षमा केली. इथं तर गोष्ट सपशेल खोटी पडते. अशा माणसाला कोण क्षमा करेल, शालन? तूच सांग. तू केली असतीस?”

पेनाचं टोक शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं होतं. एकतीस वर्षं जो प्रश्न शालनताईंनी स्वतःलाही विचारू दिला नव्हता, तो नवरा समोर बसून अगदी मायेनं विचारत होता, आणि उत्तराची वाट बघत होता.

“काढू ही ओळ?”

शालनताईंनी पानाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“काढा,” त्या म्हणाल्या.