साक्षीदाराच्या हातचं

गाडी चिखलात अशी रुतली होती की चाकं नुसती गरगर फिरत होती. आत टाय लावलेला एक तरुण घामाघूम झालेला. डेल्फीननं ट्रॅक्टर थांबवला.

"दाबा, अजून ॲक्सिलरेटर दाबा," ती म्हणाली. "म्हणजे थेट पाताळातच जाल."

"तुम्ही मदत करायला थांबलात की मजा बघायला?"

"आधी मजा… मग मदत."

बर्फ वितळायला लागला की अमेरिकेतल्या व्हर्मांटचे रस्ते असेच गिळायला उठतात. या दिवसांत चकचकीत बूट घालून डोंगर चढायचा म्हणजे धन्यच! तिनं दोर बांधून गाडी ओढून काढली, तेव्हा कळलं की स्वारी तिच्याकडेच निघाली होती. आन्सेल. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ऑफिसातला तपास अधिकारी.

तक्रार तिचीच होती. तिच्याकडून मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक घेणारी कंपनी त्यात मक्याचा स्वस्त पाक मिसळत होती आणि बाटलीवर नाव छापत होती तिच्या घराण्याचं, गोतिए! बाबांच्या माघारी हे नावच तर तिच्याजवळ उरलं होतं. आता दुकानात गेलं की लोक नजर चुकवायचे. जिवाला फार लागायचं तिच्या.

तिच्या गुऱ्हाळात काहिलीतून वाफा निघत होत्या. आन्सेलनं तपासणीसाठी नमुने घेतले. डेल्फीननं परातभर बर्फ आणला, त्यावर उकळता पाक ओतून इथला मोसमी खाऊ केला, शेजारी डोनट आणि गोडी मारायला काकडीचं आंबट लोणचं ठेवलं.

"नको… साक्षीदाराच्या हातचं काही घ्यायचं नाही, असा नियम आहे आमचा."

"कॉफीसुद्धा?"

"कॉफीसुद्धा."

"आणि मघापासून टक लावून बघताय, ते चालतं?"

त्याचे कान लाल झाले. "बघण्याबद्दल… नियमात काही लिहिलेलं नाही."

मग तो पुन्हा आला, पुन्हा आला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आणि एका संध्याकाळी डेल्फीननं घोटाळा केला. रस आटवायच्या दिवसांत गुऱ्हाळातून कुणी रिकाम्या हातानं जात नाही. हाताला सवयच ती! खुंटीवरच्या त्याच्या कोटाच्या खिशात तिनं पाकाची एक चिमुकली बाटली सरकवली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "डेल्फीन, बाटली सापडली. मी साहेबांना सांगितलं. केस माझ्याकडून काढून घेतलीय."

"अरे देवा! गुपचूप खाऊन टाकायची ना, वेड्या!"

"कंपनीच्या वकिलाला नंतर कळलं असतं, तर तुझ्या साक्षीवर कुणी विश्वास ठेवला नसता. तुझं नाव कायमचं गेलं असतं. निकाल लागेपर्यंत आता फोनही नाही करायचा मी…"

तिनं रागानं फोन ठेवला. मग काहिलीपुढे उभं राहून पोटभर रडली. राग त्याचा नव्हताच, स्वतःचा होता.

उन्हाळा सरला, मेपलची झाडं लालभडक झाली आणि निकाल लागला. भेसळ बंद, सगळ्या बाटल्या परत, आणि गोतिए घराण्याचा यात काही दोष नाही, असं कंपनीनं जाहीर सांगायचं. दुकानातल्या बाईनं डेल्फीनला कडकडून मिठी मारली. डेल्फीन हसली खरी, पण डोळे रस्त्याकडेच होते.

तो आला. गमबूट घालून!

"या वेळी रुतलो नाही."

"अगंबाई! ट्रॅक्टर उगाच बाहेर काढला मी."

"केस संपली, नियम संपला… भूक तेवढी राहिलीय. पण आता बर्फ कुठला?"

ती आत गेली, फ्रीजर उघडला आणि झाकलेली परात घेऊन आली. मार्चमधला बर्फ.

"इथे सगळेच ठेवतात," ती पुटपुटली. "मी… तुझ्यासाठी ठेवला होता."

पाक उकळून ओतला, तसा तो बर्फावर आळून चिवट झाला. आन्सेलनं भला मोठा गोळा तोंडात टाकला. "मला तू… म्म्…" दातच चिकटले!

"आधी लोणचं खा," तिला हसू आवरेना. "मग बोल."

त्यानं लोणचं खाल्लं, तोंड वाकडं केलं आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "मला तू आवडतेस, डेल्फीन. चिखलात होतो ना, तेव्हापासून."

मलाही, असं तिला म्हणायचं होतं. पण तो लोणचं खात असताना घाबरून तिनंही एक गोळा तोंडात टाकला होता. मग तिनं नुसतीच जोरजोरात मान हलवली आणि पाकानं चिकट झालेला हात त्याच्या हातात दिला.