खोकडाची पाणंद

मोजणीदादाच्या टेबलावर खोकडं पुन्हा संपली.

"असं कसं?" चैताली टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून म्हणाली. "जागा तर आपण कमी केलीच नाही!"

"जागा कमी केलेली नाही," मोजणीदादाने मान्य केलं. "तरीही खोकडं संपतात. कारण शोधावं, ही विनंती."

मोजणीदादा म्हणजे तालुक्याहून आलेला सहा पायांचा यंत्रमानव. गावोगावच्या जमिनींचा आराखडा करायला मदत करणं, हे त्याचं काम. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, म्हणून हिंगणमाळच्या पोरांनी पहिल्याच दिवशी ते बदलून टाकलं. त्याच्या कपाळावरचा दिवा लागला, की टेबलावर उजेडाचं छोटंसं गाव उभं राही. शेतं, शाळा, ओढा, माळ, सगळं काही. कुठे काय बांधायचं ते सांगितलं, की पुढच्या वीस वर्षांत काय होईल ते तो झरझर दाखवी. याला म्हणतात प्रतिरूप (खऱ्या गोष्टीची नक्कल करून तिचं पुढे काय होईल ते पाहण्याची सोय).

आता हे सगळं कशासाठी? तर गावाजवळून मोठा रस्ता जाणार होता. गेल्या वर्षापर्यंत त्या माळाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. रस्त्याची बातमी आली आणि गावाला माळाचा एकदम लळा लागला. कुणाला तिथे गोदाम हवं होतं, कुणाला सौरपट्ट्या, तरुण मंडळाला क्रिकेटचं मैदान. माळावर कधी पाऊल न टाकलेले एक गृहस्थ तर 'माझं बालपण त्या माळावर गेलं' म्हणून मंगल कार्यालय मागत होते.

दुपारी ग्रामसभेत भूवापर आराखडा मंजूर व्हायचा होता. भूवापर आराखडा म्हणजे कोणत्या जमिनीवर काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आधीच ठरवून केलेला नकाशा. एकदा मंजूर झाला, की वीस वर्षं पक्का.

आणि चैतालीचा जीव अडकला होता कानफाटीत. कानफाटी ही एक कान फाटलेली खोकडाची मादी. खोकड म्हणजे कोल्ह्याहून लहान, काळ्या शेंड्याच्या झुपकेदार शेपटीचा, उघड्या माळावर बीळ करून राहणारा प्राणी. कानफाटीचं बीळ शाळेमागच्या उतारावर होतं. यंदा तिला तीन पिल्लं झाली होती, आणि शाळेच्या खिडकीतून त्यांची कुस्ती दिसायची. चैतालीचं गणित कच्चं राहिलं, त्यातला बराचसा दोष त्या कुस्तीकडे जातो.

आराखडा करणाऱ्या समितीचे प्रमुख होते चैतालीचेच बाबा, विलास खिलारे. माणूस न्यायी. त्यांनी छाती फुगवून सांगितलं होतं, "खोकडाला त्याच्या वाट्याचं पुरेपूर दिलंय. आज जेवढ्या माळावर फिरतं, तेवढाच माळ उद्याही. एक तुकडा टेकडीखाली, एक सौरपट्ट्यांच्या मागे, एक रस्त्यापलीकडे. वीतभरही कमी नाही!"

तरी टेबलावर खोकडं संपत होती. आणि ती संपली, की थोड्याच वेळात बाबांच्या भावाच्या, म्हणजे बापूकाकांच्या भुईमुगाच्या शेतात तपकिरी डाग पडू लागत.

"हे काय?" चैतालीने विचारलं.

"उंदीर," मोजणीदादा म्हणाला. "खोकड उंदीर खातं. टोळ आणि बोरंही खातं. पण काकांचा प्रश्न बोरांचा नाही."

तेवढ्यात कुसुमआत्या आली. ती बाबांची आणि बापूकाकांची थोरली बहीण. वन्यप्राण्यांवर संशोधन करणारी मोठी शास्त्रज्ञ, पण घरात शिरताना हातात भाकरीचं फडकं असायचंच.

"जेवून घे आधी. उपाशीपोटी कुणाला अक्कल सुचत नाही," असं म्हणत तिने दोन भाकरी काढल्या. एक तशीच ठेवली. दुसरीचे बारीक तुकडे करून ताटात पसरले. "सांग, संध्याकाळपर्यंत कोणती जास्त वाळेल?"

"तुकडे केलेली."

"का? भाकरी तर तेवढीच आहे."

चैताली विचारात पडली. "तुकड्यांना कडा जास्त. सगळीकडून वारा लागतो."

"बरोबर! अधिवासाचंही तसंच." अधिवास म्हणजे प्राण्याचं घर, शिकारीची जागा, लपण्याची जागा आणि शेजार, सगळं मिळून. "तुकडे केले, की कडा वाढतात. कडेने दिवे येतात, गाड्यांचा आवाज येतो, गावातली कुत्री येतात. नकाशावर माळ तेवढाच दिसतो, पण खोकडाला निवांत राहता येईल असा आतला भाग उरतोच किती?"

"मग तुकडे थोडे मोठे दिले तर?"

"मोठे करून पाहिले," मोजणीदादा म्हणाला. "खोकडं थोडी उशिरा संपली."

म्हणजे अजून काहीतरी होतं.

इतक्यात बाबा आले. घामाने थबथबलेले आणि संतापलेले. "बापूने आज पुन्हा बांधावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या! ट्रॅक्टर घेऊन ओढ्याला वळसा घालून गेलो. माझी ज्वारी आत उभी, आणि मी बाहेर!"

हे भांडण जुनं होतं. दोघा भावांनी जमिनीची वाटणी केली, तेव्हा दोरी लावून बोटभरही इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. सगळ्या गावाने दोघांचं कौतुक केलं. विसरली ती एकच गोष्ट. आतल्या शेताला पाणंद (शेतांमधून जाणारी गाडीवाट) सोडायचीच राहिली. त्यामुळे बाबांचं शेत बाबांचंच होतं, फक्त तिथे जायला बापूकाकांचा मूड चांगला असावा लागे.

"अशी जमीन असून काय उपयोग?" बाबा ताटावर बसत म्हणाले. "जायला वाटच नाही!"

चैतालीच्या हातातला घास हातातच राहिला. "मोजणीदादा! खोकडाला वाट दिलीय का आपण? या तुकड्यातून त्या तुकड्यात?"

मोजणीदादाचा दिवा दोनदा लुकलुकला. "नाही. कुणी सांगितलं नाही."

आत्या हसली. "पिल्लं मोठी झाली, की त्यांना जोडीदार शोधायला दूर जावं लागतं. वाट नसली तर ती आपापल्या तुकड्यात अडकतात. मग नात्यातच जोड्या लागतात, संतती अशक्त होते. एखाद्या तुकड्यात रोग आला, की तिथली सगळी जातात, आणि ती जागा भरायला दुसरीकडून कुणी येऊ शकत नाही. असे एकेक करून तुकडे रिकामे होतात."

चैतालीने टेबलावर बोट ठेवलं आणि टेकडीपासून ओढ्याच्या काठाने, रस्त्याखालून पलीकडे, अशी हिरवी पट्टी ओढली. वाटेत आलेलं गोदाम तिने उचलून रस्त्याकडच्या आधीच खणलेल्या जागेवर ठेवलं. वर्षं झरझर सरली. खोकडं होती. वीस वर्षांनंतरही टेबलावर ठिपके पळत होते.

"याला संचारमार्ग म्हणतात," आत्या म्हणाली. "प्राण्यांना एका अधिवासातून दुसऱ्यात जाण्यासाठी राखलेली पट्टी."

"म्हणजे पाणंदच की!"

बाबा नकाशावर वाकले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. पट्टीचा मधला भाग थेट बापूकाकांच्या बांधावरून जात होता.

ग्रामसभेला चैताली उभी राहिली, तेव्हा सरपंच शकुंतलाताई म्हणाल्या, "बोल बाळ, पण थोडक्यात."

"थोडक्यात सांगायचं तर खोकडाचं माझ्या बाबांसारखं झालंय," चैताली म्हणाली. "जमीन पुरेपूर मिळालीय आणि जायला वाट नाही."

अख्खी सभा खो खो हसली. बाबांनी फेट्याचं टोक नाकावर ओढून घेतलं. पण जमिनीच्या वाटण्या भोगलेल्या त्या लोकांना संचारमार्ग समजावून सांगायला दुसरं वाक्य लागलं नाही.

बापूकाका मात्र उसळले. "माझ्याच बांधावरून? कोल्ह्याला?"

"खोकडाला, काका."

"तेच ते! सख्ख्या भावाला दिली नाही, ती त्याला देऊ?"

हे ते फार मोठ्याने बोलले. सगळ्या सभेच्या माना बाबांकडे वळल्या, आणि आपण काय बोललो ते काकांना सर्वांत शेवटी कळलं.

"बापू," आत्या गोड आवाजात म्हणाली, "भुईमुगाचं चित्र बघतोस का? खोकडं गेल्यानंतरचं?"

मोजणीदादाने तपकिरी डाग दाखवले. बापूकाकांनी वाकून ते डाग बोटाने मोजले. मग खाकरून म्हणाले, "देतो. पण खोकडाला वाट दिली आणि भावाला नाही, असं गाव म्हणेल. तेव्हा दिवसा विलासचा ट्रॅक्टर जाईल. अंधार पडल्यावर त्या... खोकडाची पाळी."

"लिहून घ्या," बाबा घाईघाईने म्हणाले.

"लिहावंच लागेल," आत्या म्हणाली. "नुसती हिरवी रेघ पुढच्या माणसाला सहज पुसता येते. तिच्यामागे धोरण हवं." धोरण म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेले, पुढच्यांनाही बांधून ठेवणारे नियम. मग नियम ठरले. पट्टीत भिंत नाही, झगझगीत दिवे नाहीत, कुत्री मोकळी सोडायची नाहीत. रस्त्याखाली खोकडाला पलीकडचा उजेड दिसेल अशी रुंद मोरी ठेवायची. माळावर गवतच राखायचं, हौसेने झाडं लावून जंगल करायचं नाही, कारण खोकडाला उघडा माळ लागतो. मंगल कार्यालयवाल्या गृहस्थांना गोदामाशेजारची जागा मिळाली, आणि त्यांचं बालपण बिनबोभाट तिकडे हललं.

पुढच्या हिवाळ्यात रस्ता झाला. एका संध्याकाळी बाबा चैतालीला ट्रॅक्टरवर बसवून पाणंदीने परतत होते. ऊन कलून गेलं होतं. मोरीच्या तोंडाशी काहीतरी हललं. आधी काळा शेंडा दिसला, मग फाटका कान, आणि मागोमाग अंगाने भरलेलं एक पिल्लू.

बाबांनी ट्रॅक्टर बंद केला. पिल्लू आईकडे बघत घुटमळलं, मग एकटंच मोरीतून पलीकडच्या माळावर गेलं.

"बाबा, अजून पुरता अंधार पडला नाही. आपली पाळी आहे," चैताली कुजबुजली.

"असू दे," बाबा म्हणाले. "तिच्यामुळेच वाट मिळालीय. आधी तिला जाऊ दे."