डबा बिघडवून पाहिजे

"झाला तुमचा डबा, श्यामला म्याडम. आवाज लई फाटत हुता. काढून टाकला सगळा."

हे तो हसत म्हणाला. वर डबा फडक्यानं पुसून माझ्यापुढे सरकवला.

श्यामला माझी आई. तिच्या शाळेतल्या अॅल्युमिनियमच्या डब्यात मी माझं डिस्टॉर्शन पेडल बसवलंय आणि झाकणावर अजून तिचंच नाव कोरलेलं आहे. गिटार आणि स्पीकरच्या मध्ये हा डबा लावला की सूर फाटतो, गुरगुरतो. तो तसा फाटावा म्हणूनच तर चार महिने सोल्डरिंग करत बोटं भाजून घेतली होती. सॉकेट ढिला झाला, म्हणून बुधवारी शिवाजी पेठेतल्या या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गणपतरावांकडे दिला. आज गुरुवारी काउंटरवर त्यांचा मुलगा होता, यशराज.

"मी ऋता," मी म्हणाले. "आणि फाटका आवाज काढायला सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला पायजे? बिघाड दिसला, काढला. दोन ट्रान्झिस्टर जुनाट हुते, गळके. नवे टाकले, सर्किट सरळ केलं."

"जुने कुठायत?"

"कचऱ्यात..." आता तो हसत नव्हता. "घंटागाडी सकाळीच गेली."

माझं डोकंच फिरलं. शनिवारी कॉलेजात मी रचलेलं पहिलं गाणं वाजणार होतं, आणि ते अख्खं गाणं त्या गुरगुरीवर उभं होतं. आमच्या बँडचा गायक विश्वजित आधीच म्हणाला होता – डबा चालला नाही तर तुझं गाणं कट.

"तो मला बिघडवून पाहिजे," मी म्हणाले. "होता तसा. शनिवारच्या आत."

"दुकानाच्या तीस वर्षांत असलं गिऱ्हाईक पयलंच."

"मग बोर्डावर लिहा."

त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि स्टूल पुढं ओढलं. मागच्या फळीवर एक जुना क्रीम रंगाचा रेडिओ गात होता. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली – 'विकायचा नाही.'

"तो बंद करा आधी. मला काही सुचत नाहीये."

"त्यो दुकान उघाडल्यापास्नं बंद करेपर्यंत वाजतोय. अकरा वर्षांचा हुतो तवा दुरुस्त केलेला, माझा पयला. दुसरं काय बी मागा." त्यानं फक्त आवाज कमी केला. "बोला आता. कसा पायजे?"

"चिडलेला."

"कुणागत?"

"माझ्यासारखा."

"मग चिडा की जरा. ऐकून लावतो."

"चिडलेलीच आहे मी."

"ह्याच्यापेक्षा ज्यादा असंल की..." त्याची नजर डब्यात, पण कान लाल झालेले. मला हसू येत होतं. हसले असते तर एवढा तापवलेला राग फुकट गेला असता, म्हणून ओठ चावून बसले.

एकदा आवाज डासासारखा आला, एकदा सर्दी झाल्यासारखा. सहा वाजले तेव्हा त्यानं सोल्डरिंगची गन खाली ठेवली.

"नव्या ट्रान्झिस्टरात ती गळती न्हाई. जुनेच पायजेत. उद्या चारला या."

"आणि कुठून आणणार?"

"ते माझं मी बघतो."

त्याच्यावर विश्वास ठेवला, याचाही घरी जाईपर्यंत मला राग येत होता.

शुक्रवारी चारला गिटार जोडली आणि एकच तार छेडली. कपाटाच्या काचा थरथरल्या. माझाच आवाज... कणभर जास्तच चिडलेला. डोळे भरून आले. या माणसासमोर रडायचं नव्हतं, म्हणून जोरात तीन-चार वेळा वाजवलं आणि तारांवर हात ठेवला.

दुकान शांत झालं. फारच शांत.

मी फळीकडे पाहिलं. रेडिओ होता, चिठ्ठीही होती. मागचं झाकण मात्र उघडं होतं, आत दोन ट्रान्झिस्टरांच्या जागा रिकाम्या.

"कुणी सांगितलं होतं तुला?" माझा आवाज पेडलपेक्षा वाईट फाटला.

"ओरडतीस कशाला? बिघडवून पायजे म्हणालीस. दोन बिघडवले." पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणत होता.

"त्याच्यावर लिहिलंय, विकायचा नाही."

"विकला कुठं?" तो वायर गुंडाळत राहिला. गुंडाळलेलीच परत सोडून गुंडाळली. "दिला..."

माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. अंगठ्याला ताजा भाजल्याचा डाग होता, माझ्या अंगठ्यावर आहे अगदी तिथंच.

"उद्या पहिल्या रांगेत बसायचं," मी दरडावलं. "आणि सोमवारपासून मी रोज चारला इथं येणार. तो रेडिओ वाजेपर्यंत."

"आणि वाजायला लागला की?"

मी डबा पिशवीत टाकला. मान वर न करताच म्हणाले,

"परत बिघडवीन."