दोन साड्यांएवढी माणकी

सायकलचं चाक माझ्या माणकीच्या डोळ्यावरच येऊन थांबलं.

"ए, चाक उचल," मी म्हणाले. "आत्ताच काढलाय डोळा."

वडगावात मावशीच्या दारापुढची गल्ली सरळ आणि लांब. तिथे मी खडूने जायंट स्क्विड काढायचा सराव करत होते. गोव्याहून बाजारात येते ती माणकी, तिचीच खोल समुद्रातली थोरली बहीण. उद्या विज्ञान प्रदर्शन. मॅडमनी बजावलं होतं, टेबलावर मावेल एवढीच काढ. पण मला ती आहे तेवढीच दाखवायची होती, शाळेच्या मैदानावर!

सायकलवर होता समोरच्या, साड्या विणणाऱ्या मागवाल्यांचा नागेंद्र. दहावी ब. रोज प्रार्थनेला माझ्याकडे बघायचा. बोलायचा मात्र नाही. मला कसं कळलं? मी पण बघायचे ना.

"माणकी एवढी?" तो म्हणाला. "आमच्या ताटात बोटाएवढी असतीय."

"नखाएवढीही असते, ग्रॅमभरसुद्धा भरत नाही. आणि ही... तुमच्या दोन साड्या एकापुढे एक पसर, ब्लाऊजपीससकट. तेवढी लांब."

त्याने नजरेनेच गल्ली मोजली. "मग सगळ्यात मोठी हीच व्हय?"

"लांबीचं विचारतोस का वजनाचं? कोलोसल म्हणून दुसरी असते. हिच्यापेक्षा आखूड, पण वजनाला ज्वारीची पाच पोती. ही तिच्या निम्मी."

"म्हंजे ही माझ्यागत. लांब आन् हडकुळी."

"आणि ती कोलोसल कोणागत?" मी कमरेवर हात ठेवले.

"मी कुटं काय बोललो?" तो हसला... आणि भुरभुर पाऊस आला. बघता बघता माझी माणकी गटारात वाहून गेली.

"उद्या मैदानावर पण असंच होणार," मी म्हणाले.

त्याने सायकल वळवली आणि निघून गेला. संध्याकाळी खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन दारात उभा.

"दोन साड्यांचं सलग कापड हाय. मधी धागा चुकलाय, म्हणून साड्या कापल्याच न्हाईत. आईला विचारून आणलंय."

सकाळी शाळेच्या लांब व्हरांड्यात कापड अंथरलं. शिंप्याच्या निळ्या खडूने मी टोकापासून टोकापर्यंत माणकी काढली.

"आता आडवा हो," मी नागेंद्रला म्हणाले. "शेजारी माणूस असल्याशिवाय हिची लांबी कळायची नाही."

तो गुपचूप झोपला. मी त्याच्याभोवती खडू फिरवला. कानाजवळ आले तर त्याने डोळे गच्च मिटले – एवढा उंच मुलगा, आणि कान लालभडक.

उठून त्याने माझ्या हातातला खडू घेतला. पार पलीकडच्या टोकाला आणखी एक माणूस काढला. बुटका. दोन वेण्यांचा.

"मापाला एक पुरे होता," मी म्हणाले.

"त्येला एकट्याला..." तो खडूकडे बघत राहिला. "करमत न्हाय."

"कधीपासून?"

"आठवीपास्नं."

मी ओढणीच्या टोकाने ती वेण्यांची मुलगी पुसून टाकली. त्याचं तोंड एकदम उतरलं. मग मी तिला परत काढली – त्याच्या अगदी शेजारी.

"एवढ्या लांबून ती बोलणार कशी?"

तेवढ्यात मॅडम आल्या. कापडाच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेल्या, परत आल्या.

"टेबल पुरलं नसतं गं," त्या म्हणाल्या. "आणि ही दोघं कोण?"

नागेंद्रने खाली बघितलं.

"मापाला आहेत, मॅडम," मी म्हणाले. "दोघं लागतात."