सदऱ्याचे तीन तुकडे

मी दोरीवर लोकरी विजारी वाळत घालत होते, आणि अंगणात एक अनोळखी माणूस डोळे मिटून स्वतःचीच बाही हुंगत उभा होता.

"आत मेलंय का काही?" मी विचारलं.

त्यानं सावकाश डोळे उघडले. "साबणाचा वास येतोय अजून... तुमच्या पत्रात लिहिलं होतं, साबण चालणार नाही."

पाहुण्यांना सूचनांची पत्रं मीच लिहायची, तीन यत्तांच्या वेड्यावाकड्या अक्षरांत. बाबांचा शिकारतळ आमच्या खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला, जिथं रस्ता संपतो आणि देवदार सुरू होतात. दर नोव्हेंबरात खालच्या गावांतल्या कारखान्यांतले लोक आठवडाभर हरणामागे यायचे, आणि पत्र न वाचताच यायचे. वाचून आलेला हा पहिलाच. नाव आमेदे. बुटांच्या कारखान्यात चामडं कापायचा.

शिकार सोमवारी सुरू होणार होती, त्याआधीचे चार दिवस तयारीचे. मी सगळ्यांचे कपडे खायच्या सोड्यात भिजवायची, वाऱ्यावर वाळवायची आणि देवदाराच्या डहाळ्या घालून पेटीत भरायची, म्हणजे हरणाला माणूस हुंगता येत नाही. बाकीचे पाहुणे शेगडीशी पाय शेकत बसायचे. हा मात्र डहाळ्या तोडून द्यायला यायचा आणि नुसतं विचारत राहायचा – हे कशाला, ते कशाला.

"तुमच्या हातांनासुद्धा देवदाराचा वास येतो," एकदा म्हणाला. "हरणं घाबरत नसतील तुम्हाला."

"हरणं शहाणी असतात. लांबच राहतात."

"आणि माणसं?"

मी पेटीचं झाकण आपटलं... पण त्या रात्री हात धुवायला मी साबण घेतला नाही.

शनिवारी बाबांनी नेमाची परीक्षा घेतली. शंभर पावलांवर जेवणाची ताटली टांगायची. चार गोळ्या झाडायच्या. त्यांतलं एक काडतूस बाबा गुपचूप रिकामं भरायचे. आवाजाला भिणाऱ्या माणसाची नळी रिकाम्या काडतुसावर खाली झुकते, म्हणजे झालं, त्याचं पितळ उघडं. आमेदेच्या तीन गोळ्या ताटलीच्या मधोमध लागल्या आणि रिकाम्या काडतुसाला नळी केसभरही हलली नाही. बाबांनी नुसत्या मिशा चावल्या. म्हणजे खूश होते.

आणि सोमवारी हाच पठ्ठ्या तीस पावलांवरून चुकला.

नेम चुकला की सदऱ्याचा मागचा पदर कापून नावानिशी भिंतीला ठोकायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. बाबांनी कात्री चालवली, सगळे खिदळले. आमेदेही हसला – माझ्याकडे बघून. मंगळवारी दुसरा सदरा गेला, गुरुवारी तिसरा. फाटके सदरे माझ्याकडे आले. माझ्या जुन्या लाल घागऱ्याचं कापड त्यांना मागून जोडताना एकच प्रश्न डोक्यात घोळत होता. ज्याची नळी हलत नाही, तो चुकतो कसा?

त्याच दुपारी जेवताना बाबांनी फर्मान काढलं. असले नेमबाज ठेवले तर तळाचं नाव बुडेल. उद्या चुकला तर संध्याकाळच्या गाडीनं याची रवानगी.

घेवड्याचं ताट मी तसंच बाजूला सारलं. जेवून सगळे पेंगले, तशी डहाळ्या आणायच्या निमित्तानं मी ओढ्याकडे निघाले. त्याचं मचाण तिथंच होतं. समोर हरणांची पायवाट, तिच्यामागे भूर्जाचं एक जाड झाड. खोडावर बर्फ चिकटला होता, तो मी झटकला...

तिन्ही गोळ्या एकाच गाठीत बसल्या होत्या. वर तळहात ठेवला, तर तिन्ही झाकल्या गेल्या.

परतले तेव्हा तो अंगणात लाकडं फोडत होता. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं.

"झाडाची शिकार करायला आलायस का रे?"

कुऱ्हाड थांबली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या... थंडीनं नव्हे.

"एका परवान्यावर एकच हरीण," तो हळूच म्हणाला. "सोमवारी मारलं असतं, तर सोमवारीच माझी शिकार संपली असती. संध्याकाळच्या गाडीत बसवलं असतं मला."

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"तुमच्या तोंडापुढं?"

हसू यायला लागलं होतं, पण मी ते दाबलं. "हे बघ. उद्या हरीण नीट मार. आणि थांबायचं असेल तर माझ्या बापाला विचार, मुक्या जनावराला कशाला मध्ये घालतोस?"

शुक्रवारी पहाटेपासून मी कुट्टूच्या पिठाची धिरडी घालत होते आणि निम्मी करपवत होते. आठच्या सुमारास एकच बार ऐकू आला. हरीण पडलं की बाबा शिंग फुंकायचे. मी उलथनं हातात धरून उभी... ओढ्याकडून काही नाही. स्वयंपाकघर धुरानं भरलं. उलथनं ठेवून मी सरळ दारात गेले – आणि शिंग वाजलं, लांबलचक, जरा बेसूर.

आठ टोकांच्या शिंगांचा नर दोघांनी ओढत आणला. अंगणातच, रक्ताळलेल्या हातांनी, टोपी काढून आमेदेनं बाबांकडे माझा हात मागितला. बाबांनी मिशा चावल्या.

"पोरा, नळी न हलणारा तू सोमवारी चुकलास, तेव्हाच मला कळलं होतं. तू कधी बोलतोस ते बघत होतो. आणखी एखादा दिवस गप्प बसला असतास, तर सदऱ्याअभावी नागडा झाला असतास."

आमेदेनं माझ्याकडे बघितलं. आधी हात धुऊन ये, मी म्हटलं... सोड्यानं.

लग्नात नाचताना त्याला उकडलं, त्यानं कोट काढला, आणि पाठीमागचा लाल तुकडा साऱ्या गावानं पाहिला. इतके सदरे असताना त्यानं मुद्दाम तोच घातला होता.

आता तळ आम्ही चालवतो. नवे पाहुणे भिंतीवरच्या तीन तुकड्यांकडे बोट दाखवून विचारतात, हा आमेदे म्हणजे कोण आंधळा? मी ताटं वाढणाऱ्या नवऱ्याकडे बघते. तो मान खाली घालून वाढत राहतो, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या अजूनही तशाच लाल होतात.